अक्षर तुमचं, सही माझी

वत्सला सिस्टर,

तुमच्या दहाव्याला मी पुन्हा लोकांना हसवलं.

विधी आटोपून मंडळी पांझरा नदीवरून तुमच्या घरी आली, चहा फिरला, आणि तुमची भाची रेखा मला म्हणाली, "डॉक्टरकाका, मावशीबरोबर तुम्ही काम केलंय. काहीतरी बोला ना." मी उठलो. एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते कोणतं, हेही मला ठाऊक होतं. पण समोर तीस-चाळीस माणसं बसलेली दिसली की माझ्या जिभेला काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. मी देवीचा किस्सा सांगितला. सकाळपासून भिंतीकडे बघत बसलेले तुमचे भाऊ नाना, तेसुद्धा उपरण्यानं डोळे पुसत हसले. निघताना कुणीतरी माझी पाठ थोपटली. "साहेब, तुम्ही आले ते बरं झालं. मन हलकं झालं."

तर तुमचा दहावा मी जिंकला. बारा वर्षांपूर्वी तुमची चौकशीही मी अशीच जिंकली होती.

तो किस्सा तुम्हाला पाठ आहे, पण आज मला तो पूर्ण सांगायचाय. लोकांपुढे सांगताना त्यातला बराच भाग मी गाळतो. तुम्ही तसं मला एकदा म्हणालाही होतात.

त्या तालुक्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. दवाखाना अजून तिथेच आहे आणि तिथल्या आजच्या लोकांनी माझं काही बिघडवलेलं नाही. मी तिशीचा, नवाकोरा मेडिकल ऑफिसर. खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल, कशासाठी दोन ते आजही सांगता येणार नाही. मानसिक आजारांचे तज्ज्ञ महिन्यातून एकदा, मंगळवारी, यायचे. आले तर. बाकीचे दिवस ते रुग्ण तुमचे. तुम्ही पुण्याला राहून त्याच कामाचं शिक्षण घेऊन आला होता, आणि दवाखान्यात त्याची किंमत एवढीच होती की कुणी आरडाओरडा करायला लागला की शिपाई तुम्हाला हाक मारायचा.

मी रुजू होऊन पंधरा दिवस झाले असतील. भडगावकडून, गिरणाकाठच्या एका गावातून, जगनला आणलं. पंचविशीचा उंच गडी, चार चुलते आणि एक दोर. तो झाडांशी बोलत होता, घरच्यांना विष घालणारे म्हणत होता, तीन दिवस जेवला नव्हता. तुम्ही रजेवर. मी पुस्तकात वाचलेलं एक जोरदार इंजेक्शन त्याला ठोकलं. तासाभरात जगन गायीसारखा गप्प बसला. दोर सुटला. चुलत्यांनी माझे पाय धरले, आणि मी ते धरू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत पाऊल टाकतो तो गर्दी. मधोमध जगन. मान एका बाजूला पिळवटलेली, जीभ बाहेर, डोळे वर छताला लागलेले. बायका हात जोडून उभ्या. जगनच्या मायनं माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला, पाणी सगळ्या केसपेपरांवर.

"साहेब, पोऱ्याना आंगमा देवी उनी."

पोराच्या अंगात देवी आली म्हणे, आणि एका म्हाताऱ्यानं मला हात जोडायची खूण केली. आणि सिस्टर, मी जोडले. एमबीबीएस, दुसऱ्या प्रयत्नात का होईना, पण एमबीबीएस. मनाशी म्हटलं, इंजेक्शनाचा असा परिणाम काही आपल्या वाचनात नाही, तेव्हा देवीच असणार.

तेवढ्यात तुम्ही रजेवरून आलात. हातात अजून प्रवासाची पिशवी. जगनच्या मानेकडे पाहिलंत, मग माझ्या जोडलेल्या हातांकडे. कपाट उघडून सुई भरलीत, त्याच्या दंडात दिलीत, स्टूल ओढलंत आणि त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून बसून राहिलात. पंधरा-वीस मिनिटांत मान हळूहळू सरळ झाली. जीभ आत गेली. जगन म्हणाला, "पानी दे."

"देवी गयी?" मायनं विचारलं.

"देवी नव्हती, माय," तुम्ही म्हणालात. "साहेबांची सुई होती."

इथे लोक हसतात. मी किस्सा इथेच संपवतो.

पुढचं असं की, गर्दी पांगल्यावर तुम्ही दार लोटलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "त्या सुईसोबतची गोळी दिली नव्हती? मान आखडू नये म्हणून?"

"कोणती?" मी म्हणालो.

तुम्ही हसला नाहीत. एका कागदावर गोळीचं नाव लिहून कागद माझ्यापुढे सरकवलात, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. तुम्ही हसला असतात तर पुढे मी जे केलं ते केलं नसतं, असं कधीकधी वाटतं. मग वाटतं, तरीही केलंच असतं.

तुमच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. निदान माझ्या कॉलेजात मी हजर असलेल्या दिवशी तरी शिकवलं नाही. "आवाज ऐकू येतात का," असं तुम्ही रुग्णाला कधी विचारलं नाहीत. भाकरी किती खाल्ली, आंघोळ आपली आपण केली का, म्हशीला पाणी कुणी पाजलं, हे विचारायच्या. हात पुढे करायला लावून त्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवायच्या आणि कागदाची कड किती थरथरते ते बघायच्या. शर्टाची कॉलर लाळेनं ओली आहे का ते बघायच्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पुड्या दोऱ्यानं बांधायच्या, सकाळची लाल, झोपतानाची काळी. गिरणाकाठच्या बाया तुम्हाला गोयीवाली, म्हणजे गोळीवाली, अक्का म्हणायच्या. मला काही म्हणायच्या नाहीत.

आणि पाय. जगनचे पाय मला विसरता येत नाहीत. तज्ज्ञ आले त्या मंगळवारी जगन एका जागी बसत नव्हता. उठे, चाले, बसे, परत उठे. तज्ज्ञांनी पाहिलं, म्हणाले, आजार वाढलाय, औषध वाढवा, आणि त्यांची जीप गेली. तुम्ही केसपेपर घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिलात.

"वाढवायचं नाही, साहेब. कमी करायचं. ही तगमग आजाराची नाही, औषधाची आहे. त्याचं डोकं शांत आहे, पायच शांत नाहीत. विचारा त्याला."

"तज्ज्ञांनी लिहिलंय, सिस्टर."

"मग तुम्ही खोडा."

मी जगनला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मन बसाले सांगस, पाय नही ऐकत." मी औषध कमी केलं. म्हणजे तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. दोन आठवड्यांत जगन बाकावर मांडी घालून बसला आणि पुडीतले शेंगदाणे खात बसला.

त्यानंतर मी शहाणा झालो, म्हणजे आळशी झालो. आधी तुम्ही सांगायच्या आणि मी लिहायचो. मग तुम्ही लिहायच्या आणि मी सही करायचो. मग मला भुसावळला सासुरवाडीला जायचं असे, कुठे कॅरमची मॅच असे, म्हणून मी कोऱ्या कागदांवरच सह्या करून गठ्ठा तुमच्या हातात ठेवू लागलो. शिपाई मला पाठीमागे सहीसाहेब म्हणायचा. मला ते ठाऊक होतं आणि मला ते आवडायचं.

तुम्हाला आवडायचं नाही. पहिल्या गठ्ठ्याला तुम्ही हात लावला नाहीत.

"कोरा कागद नको, साहेब."

"अहो, भुसावळची गाडी चुकेल माझी."

"मी लिहीन ते तुम्ही ऐकायचं. दर शनिवारी. तरच घेईन."

म्हणून शनिवारची दुपार. तुम्ही वही घेऊन समोर बसायच्या आणि एकेक नाव वाचायच्या, काय दिलं, किती दिलं, का दिलं. एकेचाळीस माणसं. मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचो. मधूनच हं म्हणायचो. शेवटचं नाव झालं की न बघता विचारायचो, "झालं?" तुम्ही म्हणायच्या, "झालं." आणि वही मिटायच्या.

तुम्ही कुठल्याशा नर्सिंगच्या मासिकात वाचलं होतं की परदेशात कुठेतरी नर्सला औषध लिहायचा अधिकार असतो, ठरवून दिलेल्या मर्यादेत, स्वतःच्या सहीनं. तो अंक तुम्ही पिशवीत घालून आणला होता. मी म्हणालो, "मग तिकडे डॉक्टर काय करतात? शब्दकोडी?" तुम्ही अंक परत पिशवीत टाकलात. पण विषय सोडला नाहीत. तो वाद आपला शेवटपर्यंत राहिला.

"सहीत काय असतं, सिस्टर? काम होतंय ना?"

"तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हाला असं वाटतं. माझं अक्षर, तुमचं नाव. पेशंट सुधारला तर तुमचं नाव. बिघडला तर माझं अक्षर. माझ्या हातून चूक झाली, तर ती माझ्या नावावर असू द्या ना. मला तेवढंच हवंय."

मी म्हणालो, "चूक करायचा हक्क मागणारी बाई आज पाहिली." आणि हे वाक्य तीन दिवस दवाखानाभर सांगत हिंडलो.

जगन तोवर एकटा यायला लागला होता. एसटीनं, महिन्यातून एकदा, इंजेक्शनासाठी. कपाशी वेचतो, बैल हाकतो, घरचे लग्नाचं बोलतायत, असं सांगायचा. माझ्या दारावरून जाताना हमखास डोकं आत घालायचा.

"साहेब, आज देवी नही उनी."

"पुढच्या वेळी घेऊन ये," मी म्हणायचो. तो पोट धरून हसायचा. माझ्या विनोदाला मनापासून हसणारा तो एकच माणूस होता, ज्याच्या मानेवर तो विनोद झाला होता.

मग तक्रार गेली. गावातल्या एका खासगी डॉक्टरनं केली म्हणतात. सरकारी दवाखान्यात नर्स डॉक्टरकी करते. वरून एक साहेब चौकशीला आले, बरोबर एक कारकून. त्या सकाळी तुम्ही इस्त्रीची साडी नेसून आला होता. मला वाटलं, घाबरल्या असतील. तुम्ही घाबरला नव्हता. तुम्हाला आशा होती.

"साहेब, खरं तेवढं सांगू या. मी लिहिते, तुम्हाला वाचून दाखवते, सही तुमची. लपवायचं काय त्यात? कदाचित ते म्हणतील की असंच करा, पण लेखी करून घ्या. कुणीतरी कधीतरी लेखी करून देईलच ना."

"सांगतो," मी म्हणालो. खरंच सांगणार होतो. ह्यावर तुम्ही विश्वास ठेवावा अशी माझी अपेक्षा नाही.

चौकशीचे साहेब मजेदार निघाले. चहा आला, बिस्किटं आली, ते माझ्याच कॉलेजचे निघाले, होस्टेलच्या खानावळीच्या आठवणी निघाल्या. तुम्ही भिंतीलगतच्या खुर्चीवर, मांडीवर वही. मग त्यांनी एक केसपेपर उचलला.

"डॉक्टर, सही तुमची. अक्षर कुणाचं?"

"सिस्टरांचं."

"काय लिहिलंय ते वाचून सही केली होती?"

इथे ते वाक्य होतं. तोंडाशी आलेलं होतं. पण खोली मघापासून हसत होती आणि ते हसू थांबू द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "साहेब, मी लग्नातसुद्धा न वाचताच सही केली होती. अजून भोगतोय."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. कारकून हसला, आणि हसता हसता त्यानं लिहून घेतलं: सही न वाचता केली.

"म्हणजे तुम्ही डॉक्टरांना दाखवत नव्हता?" साहेब तुमच्याकडे वळले.

"दर शनिवारी वाचून दाखवत होते," तुम्ही म्हणालात.

"डॉक्टर?"

दुसरी संधी. देवानं नाही, तुम्ही दिलेली. मी म्हणालो, "दाखवलंही असेल, साहेब. शनिवारी मी शब्दकोड्यात असतो."

परत हशा. परत कारकुनाची लेखणी.

"तुमच्याकडे काही पुरावा?" त्यांनी तुम्हाला विचारलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझ्या चेहऱ्यावरचं हसू अजून ओसरलं नव्हतं. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "नाही."

मला ताकीद मिळाली. तुमची धुळ्याला बदली झाली, औषधांशी संबंध येणार नाही अशा कामावर. म्हणजे चादरी आणि उशांचे अभ्रे. रागावून तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मला बरं वाटलं असतं. जायच्या दिवशी तुम्ही ती वही माझ्या टेबलावर ठेवलीत.

"एकेचाळीसच्या एकेचाळीस आहेत ह्यात. पुढचं इंजेक्शन कधी, कुणाचं काय कमी करायचं, सगळं. तुम्ही फक्त बघून लिहीत जा, साहेब. आता हे फक्त तुमच्याच सहीनं होईल."

मी मान डोलावली. वही कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप लावलं.

जगन त्याच्या तारखेला आला. तुमच्या खोलीचं दार बंद पाहून माझ्याकडे आला.

"अक्का कोठे शे?"

"धुळ्याला बदली झाली."

"मंग सुई?"

मी घाबरलेला होतो. ताकीद खिशात होती. वहीत त्याच्या नावापुढे तुमच्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो, "तज्ज्ञ येतील ना, तेव्हा ये." आणि जरा वातावरण हलकं करावं म्हणून विचारलं, "काय रे, आज देवी उनी का?"

तो हसला नाही.

तज्ज्ञ आलेच नाहीत. त्यांची बदली झाली होती, नवे नेमले गेले नव्हते. पुढच्या महिन्यात मायच आली त्याला घेऊन. जगन बाकावर बसला होता पण माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघून ओठ हलवत होता.

"त्यान्या बठ्ठ्या गोया सरी गयात, साहेब. कोनसंगे बोलस, माले नही समजत. तुम्ही द्या ना."

"जळगावला न्या," मी म्हणालो. चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर सही केली. ती मात्र मी वाचून केली.

जळगावला तिनं त्याला नेलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी जगन घरातून निघाला आणि चालत राहिला. चुलत्याला वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, अक्काले शोधाले जास. धुळ्याच्या अलीकडे हायवेवर ट्रकनं त्याला उडवलं. ओळख पटवायला खिशात काही नव्हतं, एक रिकामी पुडी होती फक्त, लाल दोरा गुंडाळलेली. धुळ्याच्या दवाखान्यात कुणीतरी तो दोरा ओळखला.

चादरी मोजणारी बाई होती ती.

हे मला तुमच्याकडून कळलं नाही. मायनं दवाखान्यात येऊन सांगितलं, कागदावर कुणाचा तरी शिक्का हवा होता म्हणून आली होती. मी शिक्का दिला.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण त्यात मी फार चांगला दिसत नाही, मघापासून दिसत होतो असं नाही. नोकरी सोडून मी धुळ्यात दवाखाना थाटला. निघताना कपाट रिकामं करताना वही बरोबर आणली. सुरुवातीला सहज चाळली. मग एका बाईची मान पाहिली, एका पोराचे पाय पाहिले, एका म्हाताऱ्याच्या हातांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवला. आज शिरपूर-साक्रीहून लोक येतात. मनाच्या आजाराला साहेबांचा हात चांगला आहे म्हणतात. मी अजून वही बघून लिहितो, सिस्टर. गोळ्यांची नावं बदलली, तुमच्या समासातल्या टिपा बदलल्या नाहीत. 'पाय बघा.' 'कॉलर बघा.' 'आईला विचारा, बापाला नको.'

आणि किस्सा सांगतो. देवीचा आणि चौकशीचा, दोन्ही मिळून. लग्नाच्या सहीचं वाक्य तर माझ्या बायकोलाही पाठ आहे. ती आताशा हसत नाही.

आपल्या एका जुन्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं, धुळ्यातच. पंगत उठली होती, खुर्च्या गोल मांडून मंडळी बसली होती, कुणीतरी म्हणालं, साहेब, तो चौकशीचा सांगा. मी सांगितला. रंगात आलो होतो. शब्दकोड्यावर हशा पिकला तेव्हा मान वळवली आणि मागच्या खुर्चीवर तुम्ही. केस पार पांढरे. मी उठायला गेलो, तुम्ही हातानं बसवलंत.

"छान सांगता," तुम्ही म्हणालात. "वही आहे का अजून?"

"आहे."

"उपयोगी पडते?"

"रोज."

"मग बरं." तुम्ही पदर सावरून उठलात. चार पावलं गेलात आणि परत आलात. "साहेब, गोष्टीत जगन सांगायचा राहिला."

बस, एवढंच. त्यानंतर मी तो किस्सा किती वेळा सांगितला, आठवत नाही. जगन प्रत्येक वेळी राहिला. दहाव्यालाही राहिला.

दहाव्याला लोक गेल्यावर रेखानं मला आत बोलावलं. तुमच्या पेटीतून एक पाकीट काढून हातात दिलं. वर माझं नाव, तुमच्या अक्षरात. आत सहा केसपेपर. पिवळे पडलेले. कोरे. प्रत्येकाच्या तळाशी माझी सही, तिशीतली, शेपूट वर उडवलेली, स्वतःवर खूश असलेली. बरोबर एक चिठोरी: न वापरलेले, सहा.

मी तुमच्या पलंगावरच बसलो.

चौकशीच्या दिवशी हे तुमच्या कपाटात होते. सही आधी, मजकूर नंतर, हे दाखवायला एक कागद पुरला असता. साहेबांपुढे ठेवले असतेत तर त्यांचं हसू तिथेच गोठलं असतं आणि घरी मी बसलो असतो. पुरावा आहे का म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते मला इतकी वर्षं तक्रार वाटत होती. तुम्ही बहुतेक विचार करत होता. मी गेलो तर त्या दवाखान्यात सही करायला कुणी उरणार नाही. तुम्ही गेलात तर निदान सही उरेल. वहीत बघून लिहायचं, एवढंच तर काम होतं. एकेचाळीस माणसांसाठी तुम्ही माझी सही वाचवलीत, सिस्टर. आणि ती मी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मला वाटतं, तुम्ही आयुष्यात औषधाचा अंदाज एकदाच चुकलात. माझ्याबाबतीत.

परवा सकाळी मी त्यातल्या एका कागदावर सहीच्या वर लिहिलं. खाडाखोड झाली, कारण लिहिण्यापेक्षा सही करायची सवय जास्त. लिहिलं ते असं: 'वत्सला सिस्टर लिहीत ते मला दर शनिवारी वाचून दाखवत. मी ऐकत असे. मला सगळं माहीत होतं. त्यांची बदली झाल्यावर जगनचं औषध वहीत लिहिलेलं असूनही मी दिलं नाही.' चार ओळी. ह्यात हसण्यासारखं एकही वाक्य नाही, दोनदा तपासलं.

हा कागद द्यायचा कुणाला? चौकशीचे साहेब कुठे असतील, असतील की नाही, ठाऊक नाही. तुम्ही नाही. मी भडगावची एसटी पकडली.

माय ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. डोळे अधू झालेत.

"कोन?"

"दवाखान्यातला डॉक्टर, माय. बारा वर्षांपूर्वीचा."

"देवीवाला?"

"हो."

तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. तिचे हात थोडे थांबले. "अक्का गयी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फुटायला लागल्या. मी म्हणालो, एक कागद लिहिलाय, वाचून दाखवतो. मी उभ्यानं वाचू लागलो. तिनं वर पाहिलं नाही. शेंग, दाणा ताटात, टरफल खाली. जगनचं नाव आलं तेव्हाही हात तेवढ्याच वेगानं चालत होते. समोरचा माणूस बघत नसताना आपण लिहिलेलं मोठ्यानं वाचणं काय असतं, सिस्टर, ते मला चार ओळींत कळलं. तुम्ही दर शनिवारी एकेचाळीस नावं वाचत होता.

मी थांबलो.

"झालं?" तिनं न बघता विचारलं.

"झालं."

तिनं आणखी एक शेंग घेतली. फोडली. दाणे ताटात टाकले. आजवर मला अहो-जाहो करणारी ती बाई म्हणाली,

"मंग सही कर."

"केलेली शे, माय," मी म्हणालो. "पहिलेच केलेली शे."